मातीतला बिनपगारी सालगडी

मृग नक्षत्र लागते. पहिल्या दमदार पावसाने भेगाळलेली काळी जमीन मिटू लागते. ओल वीतभर खाली उतरली की उन्हाळाभर खोल थरात वेटोळे करून निद्रिस्त पडलेली गांडुळे हळूहळू वर सरकू लागतात. नेमक्या त्याच आठवड्यात शेतकरी पाभर आणि बियाणे घेऊन शेतात उतरतो. मातीच्या वरचा कष्टकरी आणि मातीच्या आतला कष्टकरी यांची ही भेट शतकानुशतके याच मुहूर्तावर होत आली आहे. गेल्या पाच-सहा दशकांत मात्र या भेटीच्या वेळी तिथे तिसराही कोणी हजर असतो. तो कधी बियाण्यावरच्या रंगीत लेपात असतो, कधी सरीत टाकलेल्या दाणेदार औषधात, तर कधी फवारणीनंतर पानावरून निथळून मातीत मुरणाऱ्या थेंबात. उसाची मुळे कुरतडणारी हुमणी, रोपे पिवळी पाडणारी बुरशी किंवा रस शोषणारी कीड हे त्याचे लक्ष्य असते. परंतु मातीत उतरलेले विष शत्रू आणि मित्र असा भेद करीत नाही. हुमणीसाठी टाकलेला दाणा तिच्या शेजारून जाणाऱ्या गांडुळालाही लागू पडतो.

गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र आहे, हे वाक्य प्राथमिक शाळेपासून प्रत्येकाने पाठ केलेले असते. कोठे त्याला दानवे म्हणतात, कोकणात काडू म्हणतात. पाठ केलेल्या वाक्याचा अर्थ शोधण्याची तसदी मात्र फारशी कोणी घेत नाही. चार्ल्स डार्विन या शास्त्रज्ञाने ती घेतली. उत्क्रांतिवादामुळे जगप्रसिद्ध झालेल्या या माणसाचे १८८१ मध्ये प्रसिद्ध झालेले अखेरचे पुस्तक गांडुळांवर आहे. आपल्या घराजवळच्या एका शेतावर त्याने १८४२ च्या डिसेंबरात खडूचे तुकडे पसरवून ठेवले आणि तब्बल २९ वर्षे वाट पाहून १८७१ मध्ये तेथे चर खणला. खडूचा पांढरा थर जमिनीखाली सात इंचांवर सापडला. तो कोणी पुरला नव्हता. गांडुळांनी खालची माती खाऊन वर विष्ठेच्या रूपाने आणून टाकली होती आणि त्या नव्या मातीखाली खडू गाडला गेला होता. इंग्लंडच्या अनेक भागांत एका एकरातील गांडुळे वर्षाला दहा टनांहून अधिक माती आपल्या शरीरातून काढून वर आणतात, असा हिशेब त्याने मांडला. नांगराचा शोध लागण्यापूर्वी कितीतरी काळ जमीन नांगरली जात होती, ती अशी.

त्यानंतरच्या संशोधनाने या हिशेबात भरच घातली आहे. शास्त्रज्ञ गांडुळांचे स्थूलमानाने तीन वर्ग करतात. पहिला वर्ग पृष्ठभागावरच्या पालापाचोळ्यात राहतो, दुसरा वरच्या थरातील माती खात आडवी बिळे करतो आणि तिसरा उभी, खोल बिळे करून वरचा पाला ओढून खाली नेतो. पावसाचे पाणी वाहून न जाता जमिनीत मुरते ते या बिळांमुळे. मुळांना हवा मिळते आणि वाटही मिळते ती याच बिळांतून. पिकांच्या अवशेषांत अडकून पडलेले नत्र गांडुळाच्या पोटातून गेले की मुळांना घेता येते. उपलब्ध प्रयोगांचा एकत्रित अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा गांडुळांच्या अस्तित्वाने पिकाचे उत्पादन सरासरी २५ टक्क्यांनी वाढते असे आढळले. जगाच्या धान्य उत्पादनातील सुमारे साडेसहा टक्के वाटा गांडुळांचा आहे, म्हणजे त्यांच्यामुळे दरवर्षी १४ कोटी टनांहून अधिक अन्न पिकते, असा अंदाज अमेरिकी संशोधकांनी २०२३ मध्ये मांडला. या सालगड्याला ना पगार लागतो, ना बैलजोडी, ना डिझेल. त्याला लागते ओल, पालापाचोळा आणि निर्विष माती.

यांपैकी शेवटची गोष्टच आज दुर्मीळ होत चालली आहे. गांडुळाला फुप्फुसे नसतात. ते ओलसर त्वचेतून श्वास घेते. मातीतील पाण्यात विरघळलेले औषध त्यामुळे थेट त्याच्या शरीरात शिरते, आणि तीच माती ते खातही असल्याने दुसऱ्या वाटेने पोटातही जाते. फोरेट किंवा कार्बोफ्युरानसारखी औषधे किडीच्या मज्जासंस्थेवर जो आघात करतात, तोच गांडुळावरही करतात. विषबाधा झालेली गांडुळे पृष्ठभागावर येऊन तडफडतात, त्यांचे अंग जागोजागी सुजते आणि पक्षी त्यांना टिपतात. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक बुरशीच्या पेशींचे विभाजन रोखते. परंतु गांडुळांनाही ते अतिशय घातक आहे, हे दीर्घकाळापासून ज्ञात आहे. द्राक्षबागांतून वापरल्या जाणाऱ्या बोर्डो मिश्रणातील तांबे तर विघटित होतच नाही. ते वर्षानुवर्षे मातीच्या वरच्या थरात साचत राहते आणि एका मर्यादेपुढे गांडुळांना तेथे राहणे अशक्य करून टाकते.

या व्यवहारात शेतकऱ्याचा तोटा कसा होतो, याचा एक बोलका दाखला इंग्लंडमधील सफरचंदांच्या बागांत मिळाला. सफरचंदावरील स्कॅब हा रोग ज्या बुरशीमुळे होतो, ती हिवाळाभर झाडाखाली गळून पडलेल्या पानांत दबा धरून बसते आणि वसंतात पुन्हा झाडावर चढते. निरोगी बागेत खोल बिळांत राहणारी गांडुळे हिवाळा संपेपर्यंत त्या गळलेल्या पानांपैकी बहुतेक सर्व पाने ओढून जमिनीत गाडून टाकतात. ज्या बागांत तांबेयुक्त औषधांचे थर साचले होते, तेथे गांडुळे नाहीशी झाली आणि न कुजलेल्या पानांची चटईच झाडाखाली तयार झाली, असे १९६० च्या दशकात आढळले. पुढे बेनोमिल हे नवे बुरशीनाशक आले. मातीत त्याचे रूपांतर कार्बेन्डाझिममध्येच होते. त्यानेही तीच गांडुळे मारली. बुरशी मारण्यासाठी आणलेल्या औषधाने बुरशीचे घर फुकटात साफ करणाऱ्या मजुरालाच मारले आणि मग त्या बुरशीसाठी पुन्हा औषधच लागले. हे चक्र एकदा सुरू झाले की त्याचा लाभ कोणाला होतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

विष गांडुळापाशी थांबतही नाही. अमेरिकेत १९५० च्या दशकात एल्म वृक्षांवर डीडीटीची फवारणी झाली. पाने गळली, ती गांडुळांनी खाल्ली, गांडुळे रॉबिन पक्ष्यांनी खाल्ली आणि वसंत ऋतूत परिसरात रॉबिनची शीळ ऐकू येईनाशी झाली. रॉबिनचा जीव घेण्यास अकरा मोठी गांडुळे पुरेशी ठरत होती. रेचेल कार्सन यांनी १९६२ मध्ये हे वास्तव जगापुढे मांडले, तेव्हा लोकांचे लक्ष गेले ते पक्ष्यांच्या मरणाकडे. त्या पक्ष्यांपर्यंत विष पोचवणारा दुवा जमिनीखाली होता, ही गोष्ट मागे पडली. पुढेही तसेच घडले. युरोपीय संघाने निओनिकोटिनॉइड गटातील तीन कीटकनाशकांचा उघड्या शेतातील वापर २०१८ मध्ये बंद केला, तो मधमाश्यांसाठी. वस्तुतः बियाण्याच्या लेपातून दिलेल्या या औषधांपैकी पीक जास्तीत जास्त पाचवा हिस्सा शोषून घेते. बहुतांश भाग मातीतच राहतो. कपाशीच्या बीटी बियाण्यावर असाच लेप असतो. त्या मातीत राहणाऱ्यांची चौकशी कोणी करायची?

चौकशी अगदीच होत नाही, असे नाही. अमेरिकेतील संशोधकांनी सुमारे ४०० अभ्यासांचा आढावा घेऊन २०२१ मध्ये निष्कर्ष काढला की, मातीतील अपृष्ठवंशीय जिवांवर कीटकनाशकांचा परिणाम तपासणाऱ्या चाचण्यांपैकी सुमारे ७१ टक्क्यांमध्ये तो हानिकारक आढळला. मग ही औषधे परवाना मिळवतात कशी? याचे एक उत्तर चाचणीच्या स्वरूपात आहे. ओईसीडी या संघटनेने १९८४ मध्ये ठरवून दिलेल्या आणि जगभर आधारभूत मानल्या गेलेल्या प्राथमिक चाचणीत गांडुळे कृत्रिम मातीत १४ दिवस ठेवून त्यांतील किती मेली, एवढेच मोजले जाते. जी जिवंत राहिली परंतु अंडकोष घालू शकली नाहीत, ज्यांनी बिळे करणे सोडले, ज्यांची वाढ खुंटली, ती सर्व या हिशेबात सुखरूप ठरतात. प्रजननक्षमता पाहणारी आठ आठवड्यांची चाचणी पुढे २००४ मध्ये आली. त्यातही मुख्यतः वापरले जाते ते आयसेनिया फेटिडा हे शेणखतात वाढणारे, चिवट आणि झपाट्याने वाढणारे गांडूळ. शेतातील मातीत राहणाऱ्या अनेक जाती त्याच्यापेक्षा अधिक नाजूक असतात. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत उन्हाळ्यात निद्रिस्त होणाऱ्या आणि मृगाबरोबर जागे होणाऱ्या गांडुळाचा न्याय उकिरड्यातील गांडुळावरून करणे, हे नदीची खोली हौदात मोजण्यासारखे आहे.

भारतातील नियमनाची चालही संथ राहिली. कीटकनाशकांविषयीचा कायदा १९६८ चा. त्याच्या जागी नवा कायदा आणण्यासाठी २००८ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये विधेयके संसदेत मांडली गेली. तज्ज्ञ समितीने केलेल्या पुनर्विलोकनानंतर २०१८ मध्ये १८ कीटकनाशकांवर बंदीचा आदेश निघाला. बेनोमिल आणि कार्बारिल त्यात होती. ३१ डिसेंबर २०२० पासून फोरेटही बंद झाले. हे पाऊल निश्चितच स्वागतार्ह होते. त्यानंतर मे २०२० मध्ये आणखी २७ कीटकनाशकांवर बंदी घालण्याचा मसुदा प्रसिद्ध झाला व त्यात कार्बेन्डाझिमचाही समावेश होता. २०२३ च्या अंतिम आदेशात मात्र त्या २७ पैकी केवळ तिघांवर बंदी आली. कार्बेन्डाझिम त्या तिघांत नव्हते. दरम्यान, कीटकनाशकांच्या वापरात देशात अग्रस्थानी असलेल्या राज्यांमध्ये महाराष्ट्राचे नाव कायम राहिले आहे.

याहून विचार करायला लावणारी विसंगती शासनाच्या स्वतःच्या योजनांत आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. जमिनीच्या आरोग्याची नोंद शेतकऱ्याच्या हाती देणारी ही कल्पना अत्यंत उपयुक्त आहे. या पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाशापासून जस्त, बोरॉनपर्यंत बारा घटकांची मोजणी असते. या बारांत सेंद्रिय कर्ब आहे, सामू आहे, क्षारता आहे. परंतु जिवंत असे त्यात काहीही मोजले जात नाही. ज्या पत्रिकेच्या नावात ‘आरोग्य’ आहे, तिच्यात जीव नसावा, हे विचित्र आहे. दुसरीकडे गांडूळखताच्या प्रकल्पांना अनुदान मिळते. ठिकठिकाणी शेडखाली सिमेंटच्या टाक्या उभ्या राहतात. त्यांत विकत आणलेली गांडुळे सोडली जातात. खत चांगले मिळते, यात शंका नाही. तथापि टाकीतील हे गांडूळ पालापाचोळा आणि शेण खाणाऱ्या वर्गातले असते. शेतातील घट्ट मातीत बिळे करणे हे त्याचे कामच नाही. एका हाताने बांधावरच्या टाकीत गांडूळ पाळायचे आणि दुसऱ्या हाताने बांधापलीकडच्या सरीत त्याच्याच भावंडांना विष द्यायचे, असा हा प्रकार आहे. गांडूळखताचे पोते शेतात टाकल्याने गांडुळाचे ऋण फिटत नाही.

या सर्वाचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे हा अन्याय होईल. हुमणीने उसाची मुळे खाल्ली की उभा फड डोळ्यांदेखत वाळतो, तेव्हा कर्जाचा हप्ता डोळ्यांपुढे असलेल्या माणसाला मातीतील जैवविविधतेवर प्रवचन देणे व्यर्थ आहे. त्याला सल्ला मिळतो तो बहुधा औषध विकणाऱ्या दुकानाच्या फळीवरून. त्या विषाची पहिली किंमतही तोच मोजतो. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले. ज्या औषधाने फवारणाऱ्या माणसाचा जीव जातो, ते मातीतील जिवांना काय करीत असेल, याची कल्पना करण्यास प्रयोगशाळेची गरज नाही. तसेच, एका रात्रीत सर्व रसायनांवर बंदी हा मार्गही विनाशाचाच आहे. श्रीलंकेने २०२१ च्या मे महिन्याच्या सुमारास रासायनिक खते आणि कीटकनाशकांची आयात थांबवली. पर्यायी व्यवस्था उभी नव्हती. भाताचे उत्पादन कोसळले आणि नोव्हेंबरपर्यंत निर्णय मागे घ्यावा लागला. मातीचे भले करू पाहणाऱ्या धोरणाची बदनामी झाली, ती वेगळीच.

त्यामुळे मार्ग आहे तो मधला आणि चिकाटीचा. हुमणीचेच उदाहरण घ्यावे. वळिवाचे किंवा मृगाचे पहिले पाऊस झाले की तिचे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून निघून कडुनिंब आणि बाभळीवर जमतात. त्या काही रात्री गावाने एकत्र येऊन फांद्या हलवून भुंगेरे गोळा केले आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकले, तर पुढची पिढीच जन्माला येत नाही. हे काम एकट्यादुकट्याने करून उपयोग नाही. एकाच्या शेतातला भुंगेरा दुसऱ्याच्या शेतात अंडी घालतो. गाव म्हणून ते केले तरच साधते. ज्या गावात वारी, सप्ताह आणि जत्रेसाठी शेकडो हात एकत्र येतात, त्या गावाला चार रात्री भुंगेरे वेचण्यासाठी एकत्र येणे अशक्य नाही. मेटारायझियम ही बुरशी मातीतच राहून हुमणीला रोगग्रस्त करते, गांडुळांना मात्र तिचा तसा उपद्रव होत नाही. परंतु तीही शेवटी बुरशीच. बुरशीनाशकाच्या आळवण्या देत राहिलो, तर ती तरी कशी तगणार? जिवंत माती हे स्वतःच एक औषध असते, ते असे.

गांडुळाला विषापासून वाचवणे ही निम्मी गोष्ट झाली. त्याला खायलाही दिले पाहिजे. उसाचे हेक्टरी आठ-दहा टन पाचट आजही अनेक ठिकाणी काडी लावून जाळले जाते. ते सरीत कुजू दिले, तर ओल टिकते आणि गांडुळांचे अन्नछत्रच उघडते. वारंवार खोल नांगरटही गांडुळांची बिळे मोडते. कर्जत तालुक्यात नेरळ येथे विकसित झालेल्या सगुणा भात तंत्रात नांगरणी आणि चिखलणी टाळून आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच कुजू दिली जातात. ही पद्धत अवलंबणारे शेतकरी आपल्या शेतात गांडुळे परतल्याचे आवर्जून सांगतात. या पद्धतीत तणनाशकाचा वापर होत आला आहे, हेही लपवण्याचे कारण नाही. प्रश्न शुद्धतेच्या शपथेचा नाही. मातीतील जिवाचे खाणे, घर आणि श्वास यांपैकी आपण काय देतो आणि काय हिरावतो, याचा ताळेबंद मांडण्याचा आहे.

हा ताळेबंद शासनालाही मांडावा लागेल. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये २४८१ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी देऊन एक कोटी शेतकऱ्यांपर्यंत पोचण्याचे उद्दिष्ट ठेवले. दिशा योग्य आहे. तिला तीन गोष्टींची जोड मिळाली पाहिजे. औषधांच्या नोंदणीसाठी भारतीय मातीतील गांडुळांवर, पावसाळी परिस्थितीत आणि प्रजननापर्यंतच्या चाचण्या बंधनकारक व्हाव्यात. मृदा आरोग्य पत्रिकेत तेरावा रकाना मातीतील जिवांचा असावा. आणि औषधाच्या वेष्टनावर मधमाशी, मासे यांच्याबरोबर गांडुळाला असलेल्या धोक्याची नोंद शेतकऱ्याला वाचता येईल अशा मराठीत, ठळक अक्षरांत असावी. कृषी विद्यापीठे आणि कृषी विज्ञान केंद्रे यांना यासाठी परदेशाकडे पाहण्याची गरज नाही. प्रयोगशाळा त्यांच्या दारातच पसरलेली आहे.

शासन जागे होईपर्यंत शेतकऱ्याने हातावर हात ठेवून बसावे, असेही नाही. तेरावा रकाना भरण्यास ना रसायन लागते, ना यंत्र. श्रावणात जमीन ओली असताना सकाळच्या वेळी फुटभर लांब, फुटभर रुंद आणि फुटभर खोल मातीचा चौकोनी ढेकूळ फावड्याने काढावा, पोत्यावर फोडावा आणि त्यातील गांडुळे मोजून पुन्हा मातीत सोडावीत. बांधाकडेच्या गवताखाली एकदा, पिकाच्या सरीत एकदा. दोन्ही आकडे बाजाराच्या वहीत भावाशेजारी लिहून ठेवावेत आणि पुढच्या श्रावणात पुन्हा मोजावे. बांधावर गांडुळे सापडली आणि सरीत एकही सापडले नाही, तर जमीन काय सांगते आहे, हे समजण्यास कोणा तज्ज्ञाची गरज पडणार नाही. आणि विष आवरल्यावर, पाचट कुजू दिल्यावर एखाद्या वर्षी सरीतला आकडा वाढलेला दिसला, तर न बोलावता आणि न मागता तो जुना सालगडी कामावर परतला आहे, असे खुशाल समजावे.